दासबोधाचे वीस दशक, सव्वीस कॅसेट: कोऱ्या टेपच्या शोधाच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

वाईहून रात्री परतलो. काचबिंदूने आत्याची नजर पूर्ण गेली त्याला दीड वर्ष झालं. सकाळी आंघोळ झाली की दासबोधाचा एक समास वाचल्याखेरीज ती चहाला हात लावत नसे. आता पोथी मांडीवर घेऊन बसते, आठवतं तेवढं म्हणते आणि मधेच अडते. दादाने मोबाइलवर लावून दिलं होतं, पण सपाट काचेवर तिच्या बोटांना काहीच लागत नाही. भजनं भरलेला छोटा स्पीकरही आणून पाहिला. त्याची बटणं तुरीच्या दाण्याएवढी, आणि वीज गेली की पुन्हा पहिल्या भजनापासून सुरुवात.

तिच्या उशाशी पॅनासॉनिकचा जुना मोनो टेपरेकॉर्डर आहे. त्याच्या सहा जाड पट्ट्या तिला बोटांनी पाठ आहेत. आणि कॅसेट जिथे थांबवावी तिथेच थांबते. वीज गेली, कॅसेट काढून ठेवली, महिन्याने पुन्हा लावली, तरी पुढची ओवी तीच.

तेव्हा ठरलं. अख्खा ग्रंथ कॅसेटवर भरून द्यायचा. वाचणार ताई, म्हणजे आत्याची मुलगी. ती नाशिकला असते, मोबाइलवर वाचून पाठवेल. भरणार मी. मुदत दासनवमीची.

हिशेब मांडला. २० दशक, २०० समास, ७,७५१ ओव्या. ताईने घड्याळ लावून दोन समास वाचले, एका ओवीला साधारण साडेआठ सेकंद लागले. म्हणजे सगळा ग्रंथ सव्वाअठरा तासांचा. एका दशकाला एक कॅसेट, एका बाजूला पाच समास. समास मधे तोडायचा नाही ही आत्याची एकच अट. दशक सारख्या लांबीचे नाहीत. चौदा दशक ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये बसतात, सहा बसत नाहीत. म्हणजे सी-६० चौदा आणि सी-९० सहा. वीस कोऱ्या कॅसेट आठवड्याभरात मिळतील असं धरून चाललो होतो.

१५ जून, शनिवार

कॅसेट भरायचा माझा डेक माळ्यावरून काढला. पंधरा वर्षं बंद होता. आतले बेल्ट वितळून डांबरासारखे झाले होते, पुलीवरून ते खरवडायलाच एक संध्याकाळ गेली. नवे बेल्ट आणि कारागिराची मजुरी मिळून १,८०० रुपये. त्याने पिंच रोलर, म्हणजे टेप पुढे ओढणारं रबरी चाकही बदललं. हे काम आधी करून घ्या. डेक धड नसेल तर खराब कॅसेट कोणती आणि चांगली कोणती हे कळायला मार्गच उरत नाही.

२२ जून, शनिवार

पुण्यात तापकीर गल्ली पालथी घातली. सात दुकानांत "कोरी कॅसेट आहे का?" विचारलं. पाच ठिकाणी सरळ नाही. एका ठिकाणी पेन ड्राइव्ह पुढे केला. सातवं दुकान जुनं, नव्वदच्या दशकात ते गाण्यांची यादी घेऊन कॅसेट भरून द्यायचे. मालक आता सत्तरीचे. म्हणाले, "थांबा साहेब, पोटमाळ्यावर एखादा खोका असेल." वीस मिनिटांनी मुलगा धुळीने माखून खाली आला. हातात दहा सी-६० चा पूर्ण खोका, वरचा कागद न फाडलेला. देशी बनावटीच्या, साध्या फेरिक (लोहाच्या ऑक्साइडचा थर असलेल्या), म्हणजे ज्यांना टाइप वन म्हणतात त्या. ६० रुपयांना एक. दहाचे ६०० देऊन घेऊन आलो.

३० जून, रविवार

दहाही उघडल्या. कागद कोरा होता, कॅसेट कधी वाजलेल्या नव्हत्या, तरीही चार वापरण्याजोग्या नाहीत. कॅसेटच्या तोंडाशी मधोमध बोटाच्या पेराएवढी पितळी पट्टी असते आणि तिच्यावर नमद्याचा इवलासा चौकोन चिकटवलेला असतो. टेप हेडवर, म्हणजे आवाज भरणाऱ्या-वाचणाऱ्या भागावर, दाबून धरण्याचं काम त्याचं. चौघींचा हा नमदा गळून आतच पडला होता. पंचवीस-तीस वर्षांत गोंद वाळून त्याचं पीठ झालं. वाजवली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो, आणि माणूस डेकला दोष देतो. मीही दिला. हेड दोनदा पुसलं, जोडण्या तपासल्या, तीन तास घालवले. मग बॅटरीचा झोत कॅसेटच्या तोंडात टाकला तेव्हा नमदा आडवा पडलेला दिसला.

तेव्हापासून नियम केला: जुनी कॅसेट कितीही कोरी असो, यंत्रात घालण्याआधी तोंडात झोत टाकून नमदा जागेवर आहे का ते बघायचं. काडीच्या बोथट टोकाने हलकेच दाबलं तर तो उसळून वर यायला हवा.

दुसरा नियम: बांधणी बघा. पाच स्क्रूंची कॅसेट घ्या. काहींचे दोन्ही भाग कारखान्यातच एकजीव केलेले असतात. त्या उघडायच्या म्हणजे फोडायच्या. माझ्या दहाही स्क्रूच्या होत्या हे नशीब.

७ जुलै, रविवार

जुना बाजार. इथे कोऱ्या कॅसेट मिळतील ही आशा नव्हती, सुटे भाग हवे होते. भरलेल्या कॅसेटचं पोतं होतं, दहा रुपयाला एक. बावीस निवडल्या. निवडताना खिडकीतून रिळाची कड बघायची. पांढरी भुकटी किंवा कापसासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी, ती कॅसेट परत पोत्यात. आमच्या पावसाळ्यात बंद कपाटात पडलेल्या कॅसेटचा शेवट असाच होतो, आणि अशी एक जरी डेकमध्ये गेली तरी बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटवर जाते. नाकाजवळ धरली तरी कळतं, कोंदट वास येतो.

घरी भरलेल्या, पेनाने नावं लिहिलेल्या कॅसेट मी उचलल्याच नाहीत. कोणाच्या बारशाची किंवा आजोबांच्या बोलण्याची ती एकच प्रत असू शकते. कंपनीने भरलेली गाणी दुसरीकडेही मिळतात, म्हणून सुट्या भागांसाठी तेवढ्याच घेतल्या.

संध्याकाळी दुरुस्ती. ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो. पंखा आधी बंद करा. हे सांगायचं कारण, पहिल्या कॅसेटच्या वेळी मी तो केला नाही आणि आतला मेणकट पातळ कागद उडून कोचाखाली गेला. कॅसेट सपाट टेबलावर, स्क्रूंची बाजू वर. पाचही स्क्रू काढून वरचं झाकण सरळ वर उचला, तिरकं नाही. तिरकं उचललं की कोपऱ्यातली दोन चाकं उडतात. उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, टेप कुठल्या खुंटीच्या कुठल्या बाजूने जाते ते नंतर आठवत नाही. मग पितळी पट्टी चिमट्याने काढा, बाजारातल्या कॅसेटमधली चांगल्या नमद्याची पट्टी तिच्या जागी बसवा. नमद्याला बोट लावू नका, बोटाचं तेल टेपवर उतरतं. नुसता नमदा नव्या गोंदाने चिकटवण्याचा प्रयत्न एकदा केला. गोंद नमद्यात शोषला गेला, तो खडासारखा कडक झाला आणि टेपवर ओरखडा उमटला. अख्खी पट्टीच बदला.

पहिल्या कॅसेटला पन्नास मिनिटं लागली, चौथीला बारा. चारही वाजू लागल्या.

१४ जुलै, रविवार

तपासणीची पद्धत ठरवली. ऑडॅसिटी या आवाजाच्या संगणक-प्रणालीत १,००० हर्ट्‌झचा सूर एक मिनिट, ८,००० हर्ट्‌झचा कमी पातळीवर एक मिनिट, मग एक मिनिट शांतता. हे तिन्ही प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी भरायचं, परत लॅपटॉपवर घ्यायचं आणि आलेख बघायचा. पहिल्या सुराची रेघ सरळ यायला हवी. तिच्यात जिथे खड्डा, तिथे टेपचा थर गेलेला. दुसरा सूर लटलटला तर नमदा किंवा बांधणी सैल. शांततेत खरखर किती हे तिसऱ्यात कळतं.

त्याआधी प्रत्येक जुनी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे पळवायची. वर्षानुवर्षं न हललेल्या रिळाचे थर एकमेकांना धरून बसतात. न पळवता भरलेल्या पहिल्या दोन कॅसेटमध्ये आवाज दर काही सेकंदांनी हेलकावत होता, पळवल्यावर तो गेला.

दहांपैकी एक बाद. वाजताना चिरकत होती, आणि कापूस काडीने हेड पुसलं तर काडी चहाच्या रंगाची झाली. टेपचा थर सुटतोय. ती फेकली. नऊ उरल्या.

२१ जुलै, रविवार

पहिले तीन दशक भरले. डेकवर डॉल्बी बी, म्हणजे खरखर कमी करणारी सोय, लावलं होतं. आवाज सुरेख, खरखर जवळजवळ नाही.

२८ जुलै, रविवार

वाई. आत्याला पहिली कॅसेट लावून दिली. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "आवाज ताईचाच आहे, पण तिला दात आल्यासारखं वाटतंय." स, श आणि च कानाला टोचत होते. कारण साधं होतं, मला आधी सुचायला हवं होतं. डॉल्बी भरताना बारीक आवाज वर उचलतं आणि वाजवताना तेवढाच खाली बसवतं. आत्याच्या यंत्रात वाजवतानाचा तो भागच नाही. ज्या यंत्रावर ऐकायचं त्यात डॉल्बी नसेल तर भरताना बंद ठेवा. तीन तास भरण्याचे आणि तीन ऐकून तपासण्याचे पाण्यात गेले.

दुसरी गोष्टही तिथेच कळली. माझ्या डेकवर स्वच्छ ऐकू येणारी कॅसेट तिच्या यंत्रावर किंचित दबकी वाजत होती. तिच्या हेडचा कोन सरकलेला होता. हेडच्या एका अंगाला लाखेने बंद केलेला बारीक स्क्रू असतो. कंपनीने भरलेली एक चांगली कॅसेट लावून तो पाव फेऱ्याच्या आतबाहेर फिरवला आणि आवाज सर्वांत उघडा वाटला तिथे थांबलो. डेकचा स्क्रू फिरवायचा मोह झाला होता, पण तो हलवला असता तर माझ्या सगळ्या कॅसेट त्याच्या चुकीच्या कोनावर बांधल्या गेल्या असत्या.

एका मित्राने दिलेल्या दोन टीडीके एसए सोबत नेल्या होत्या. त्या टाइप टू, आपण ज्यांना क्रोम म्हणायचो त्या. माझा डेक मागच्या खाचा बघून त्यांच्यासाठी आपोआप बदल करतो, पण साध्या यंत्रावर त्या वाजवल्या की वरचे सूर साडेचार डेसिबलपर्यंत उंचावतात आणि खरखरही तेवढीच वर येते. टेप उत्तम आहे, या कामाची नाही. साध्या यंत्रावर ऐकणाऱ्यासाठी टाइप वनच घ्या. ती स्वस्तही असते, आणि आज नवीन बनते तीही मुख्यतः तीच.

११ ऑगस्ट, रविवार

सी-९० चा घोळ. एका विक्रेत्याकडून पाच मागवल्या, नामांकित जपानी बनावटीच्या, "सीलबंद, न वापरलेल्या." एक ४५० रुपयांना, पाचचे २,२५०. आल्या तेव्हा कागद चकचकीत होता. आज उघडून तपासल्यावर दोन वापरलेल्या निघाल्या. खुणा लिहून ठेवतो. कारखान्यातल्या कागदाला उघडण्यासाठी बारीक दोरीसारखी पट्टी असते आणि टोकं पाकिटासारखी घडी घालून चिकटवलेली असतात. यांना पट्टी नव्हती, कागद सगळीकडून गरम हवेने आवळलेला होता. तोंडापाशी रंगहीन सुरुवातीची पट्टी दिसायला हवी, एकीत तपकिरी टेप बाहेर होती. आणि शांतता भरून कान लावला तर खाली कुणीतरी बोलल्याचा पुसट आवाज. विक्रेता पैसे परत द्यायला तयार नाही. महाग पडलेला धडा.

उरलेल्या तीन अस्सल. त्यातल्या एकीवर पाचवा दशक भरून दादाकडे पाठवला.

१८ ऑगस्ट, रविवार

सकाळी दादाचा फोन. आत्याच्या यंत्राने रीळ ओढून आत गुंडाळली. आत्याला काय झालं ते दिसत नव्हतं, तिने थांबवायची पट्टी दाबली, झाकण उघडलं आणि कॅसेट ओढली. दोन हात टेप बाहेर. ती बोटांनी चाचपत राहिली, दादा येईपर्यंत तशीच हातात धरून बसली होती. तिने दादाला विचारलं, "माझ्या हातून मोडलं का रे?" फोनवर हे ऐकताना मला फार वाईट वाटलं. तिच्या हातून काही मोडलं नव्हतं.

सी-६० मध्ये सुमारे ९० मीटर टेप असते, सी-९० मध्ये १३५. डबी तेवढीच, म्हणून टेप पातळ करावी लागते. सी-६० ची जाडी सोळा मायक्रॉनच्या पुढे, सी-९० ची अकरा-बाराच्या आसपास. जुन्या यंत्राचा गुंडाळण्याचा जोर कमी झालेला असतो, रबरी चाक गुळगुळीत आणि कडक झालेलं असतं. पातळ टेप त्याला चिकटून सोबत फिरते. सी-१२० तर याहून पातळ, तिचं नावच नको.

निर्णय: सी-९० पूर्ण बंद. मोठे सहा दशक प्रत्येकी दोन सी-६० वर जातील. म्हणजे १४ अधिक १२, एकूण २६. हातात नऊ. हव्यात सतरा.

आत्याच्या यंत्राचं रबरी चाक आणि बेल्ट दादाने साताऱ्यात बदलून घेतले.

१ सप्टेंबर, रविवार

"नवीन" म्हणून संकेतस्थळावर मिळणाऱ्या, नाव नसलेल्या दहा सी-६० मागवल्या. १५० ला एक, १,५०० गेले. त्यांचा आलेख बघूनच पुरेसं होतं. माझ्या जुन्या नऊच्या मानाने पातळी चार डेसिबल खाली, खरखर स्पष्ट ऐकू येणारी. एका बाजूची लांबी साडेअठ्ठावीस मिनिटं. एकोणतीस मिनिटांची बाजू शेवटच्या समासात कापली गेली असती. सी-६० म्हणून विकलेल्या कॅसेटची लांबी घड्याळ लावून मोजा. चांगल्या कंपनीची एक बाजू तीस मिनिटांहून थोडी जास्तच भरते, कमी कधी नाही.

या दहा परत केल्या नाहीत, त्यांचे स्क्रू आणि चाकं कामाला येतील.

गणपतीत काम बंद.

६ ऑक्टोबर, रविवार

महिनाभर नवीन टेप कोण बनवतं हे शोधलं. फ्रान्समध्ये आव्रांशला रेकॉर्डिंग द मास्टर्स बनवते, त्यांची फॉक्स नावाची सी-६० २०१८ मध्ये आली. अमेरिकेत मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डची नॅशनल ऑडिओ कंपनी स्वतःची फेरिक टेप बनवते. जपानमध्ये मॅक्सेलची यूआर अजून दुकानात मिळते. फ्रान्सहून मागवायचा हिशेब केला, टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून एका कॅसेटला आठशेच्या वर जाऊ लागलं. सोडलं.

ज्यांना हे करायचं आहे त्यांना सांगतो, एक-दोन नग टपालाने मागवू नका. येणाऱ्या माणसाच्या बॅगेत जागा मागा. दहा कॅसेट म्हणजे एका चपलेच्या खोक्याएवढी जागा.

कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला कामासाठी ओसाकाला जायचं होतं. त्याने मॅक्सेल यूआर-६० दहा आणल्या, १,४०० रुपये. आज तपासल्या. दहापैकी दहा उत्तम. रेघ शेवटपर्यंत सरळ. चार महिन्यांत पहिल्यांदा एखादी कॅसेट आणली, लावली आणि चालली.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीला ताईचा मुलगा शिकागोहून आला. "मामा, तुझं सामान," म्हणत पिशवी दिली. नॅशनल ऑडिओच्या दहा सी-६०. पैसे घ्यायला तयार नाही, म्हणाला आजीसाठी आहेत. यांचा आवाज मॅक्सेलपेक्षा बेताने कमी उजळ, बोलण्यासाठी अजिबात फरक पडत नाही. एका कॅसेटच्या शेवटी बारीक खड्डा, बाकी नऊ स्वच्छ.

आता हातात नऊ, दहा आणि दहा. एकोणतीस. हव्यात सव्वीस. शोध संपला.

१ डिसेंबर, रविवार

भरणं सुरू. यात जलद असं काही नसतं, एका तासाची कॅसेट एक तासच घेते, आणि भरून झाल्यावर पूर्ण ऐकायला दुसरा तास. रोज सकाळी सहाला एक लावतो. दर पाच कॅसेटनंतर हेड, टेप ओढणारी दांडी आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. बाटली २५० रुपयांची, वर्षभर पुरेल. भरून तपासली की मागच्या दोन्ही पाकळ्या मोडायच्या. आत्याच्या यंत्रात रेकॉर्डची पट्टी वाजवण्याच्या पट्टीला लागूनच आहे, चुकून दाबली गेली तरी आता पुसलं जाणार नाही.

आधीच्या तीन डॉल्बीच्या कॅसेट याच ओघात पुन्हा भरल्या.

५ जानेवारी २०२५, रविवार

तेरा कॅसेट घेऊन वाईला गेलो. कोणती कॅसेट कोणत्या दशकाची हे तिला कसं कळणार याचा मी बराच विचार केला होता. वेगवेगळ्या संख्येचे ठिपके, मणी, दोरे. आत्याने ऐकून घेतलं आणि दादाकडून कॅसेट ठेवायचा जुना खणाचा डबा मागवला. म्हणाली, "डावीकडून मोजेन. जो खण रिकामा, ती यंत्रात." मला हे सुचलं नव्हतं. काढलेली कॅसेट परत त्याच खणात जाते, चालू दशक रिकाम्या जागेवरून बोटाला कळतो. मोठ्या दशकांच्या जोड्या एका रबराने बांधल्या. पहिल्या बाजूवर वहिनीने मखमली टिकली लावली.

दुपारी ती ऐकत बसली, मी शेजारी. चौथ्या दशकाच्या एका समासात तिने हात वर केला. "इथं एक शब्द गिळलाय बघ." मागे घेऊन ऐकलं. मला काही वेगळं वाटलं नाही. पुन्हा ऐकलं. तिने तो चरण स्वतः म्हणून दाखवला आणि तेव्हा जाणवलं, एका अक्षरावर आवाज निमिषभर विझतो. ही तापकीर गल्लीच्या खोक्यातली कॅसेट. पुण्याला आल्यावर आलेख काढला. खड्डा होता, चाळीस मिलिसेकंदांचा. माझी तपासणी सुरुवात, मध्य आणि शेवट इथे होते, हा खड्डा त्यातल्या दोन जागांच्या मधे होता. भरून झाल्यावर मी ती पूर्ण ऐकलीही होती, तरी सुटला.

त्या खोक्यातल्या उरलेल्या आठही आता पूर्ण लांबीचा सूर भरून तपासायच्या, दोन्ही बाजू. आठ तास भरायला, आठ तास वाचायला.

२६ जानेवारी, रविवार

तपासल्या. आठांपैकी सहा स्वच्छ. दोघींमध्ये असे खड्डे, त्या आणि चौथ्या दशकाची मिळून तीन बाद. म्हणजे जुन्या खोक्यातल्या दहांपैकी शेवटी सहा उरल्या. नव्या वीसपैकी एकोणीस, आणि त्या एकीचाही खड्डा शेवटच्या रिकाम्या मिनिटात आहे, तिथे ताईचा आवाज नाहीच, म्हणून ती वापरली. सहा आणि वीस, बरोबर सव्वीस. जादा एकही नाही.

आतापर्यंत रोख गेले ते ८,०२० रुपये. यातले पावणेचार हजार अशा पंधरा कॅसेटवर गेले, ज्यांतली एकही आत्याच्या डब्यात नाही. पुन्हा करायचं झालं तर जपानहून येणाऱ्या माणसाची वाट बघेन आणि खोक्यातल्या जुन्या मालावर फक्त तेव्हाच जाईन, जेव्हा पूर्ण लांबी तपासायला वेळ असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

सव्वीस पूर्ण. खणाच्या डब्यात जागा चोवीसच, दादा सुताराकडून दोन खण वाढवून घेतोय. डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्यात. पावसाळ्याआधी त्या बदलायच्या, हे वहिनीच्या दिनदर्शिकेवर १ जूनच्या चौकटीत लिहून आलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी साडेसातला आत्याचा फोन, दादाने लावून दिलेला. ती अकराव्या दशकात आहे. चौथा पुन्हा भरलेला ऐकला, शब्द पूर्ण आहे म्हणाली. तिची एक तक्रार: बाजू संपली की ताईचा आवाज एकदम तुटतो, कॅसेट संपली की वीज गेली हे कळत नाही. प्रत्येक बाजूच्या शेवटी ताईने "बाजू बदल, आई" असं म्हणावं एवढंच तिला हवंय. पाकळ्या मोडल्यात, त्या जागी चिकटपट्टी लावून शेवटच्या अर्ध्या मिनिटात ते भरता येईल. बावन्न बाजू. ताईला आज सांगितलंय, रात्री वाचून पाठवते. उद्या सकाळी सहाला पहिली लावतो.